डावा स्पीकर सैल का वाजतो : टॉवर स्पीकरच्या पायांचं एक प्रकरण

प्रश्न माझ्याकडे आला तो थेट खरेदीचा म्हणून. एका ज्येष्ठ स्नेह्यांकडे उंची टॉवर स्पीकरची जोडी आहे. डाव्या बाजूचा बास त्यांना सैल वाटत होता, उजव्या बाजूबद्दल तक्रार नव्हती. वाचून-विचारून त्यांनी एक यादी केली होती: कंपनीचे स्पाइक (धातूचे टोकदार पाय) काढून आयसोलेशनचे, म्हणजे कंपन अडवणारे पाय, खाली ग्रॅनाइटची लादी, बाय-वायर टर्मिनलवरचे जंपर (मागच्या टर्मिनलच्या दोन जोड्या जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) बदलणं, आणि शेवटी क्रॉसओव्हरमधले, म्हणजे खालचे-वरचे स्वर वाटून देणाऱ्या सर्किटमधले कपॅसिटर. "यातलं आधी काय घेऊ, एवढंच सांगा," असं त्यांचं म्हणणं.

जोडी तीन-वे आहे, म्हणजे खालचे, मधले आणि वरचे स्वर वेगवेगळे भाग वाजवतात. एका स्पीकरचं वजन ४२ किलो, उंची ११० सेंटिमीटर, समोर १८ सेंटिमीटरचे दोन वूफर (बास वाजवणारे भाग), पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, मागच्या बाजूला. तळाला एम८ आट्यांची चार भोकं आणि त्यात स्पाइक. खोली ५.२ बाय ३.८ मीटर, छत ३ मीटरवर. खोली वरच्या मजल्यावर आहे आणि जमीन लाकडी वाशांवर फळ्या ठोकलेली. खालच्या मजल्यावरची भार घेणारी भिंत उजव्या स्पीकरच्या बरोबर खालून जाते; डावा उभा आहे तो वाशांच्या मध्यावर, जिथे खाली आधार काहीच नाही. ही शेवटची गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती, कारण स्पीकरच्या पायांशी तिचा संबंध असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. माझ्या मते अख्खं प्रकरण तिथेच होतं. पण वाटणं वेगळं आणि तपासणं वेगळं.

सगळ्यात आधी अदलाबदल केली. अँप्लिफायरवर डाव्या-उजव्या वायरी उलट्या लावल्या. सैलपणा डावीकडेच राहिला. म्हणजे अँप्लिफायर आणि त्याच्या आधीची उपकरणं सुटली. मग दोन माणसांनी मिळून स्पीकरच एकमेकांच्या जागी नेले. उजवीकडून आणलेला, आजवर नीट वाजणारा स्पीकर डावीकडे येताच तसाच सैल वाजू लागला. हे काम कंटाळवाणं आहे, कमरेला त्रास देणारं आहे, पण त्यात एक पैसा लागत नाही आणि निम्मी यादी तिथल्या तिथे बाद होते. दोष जागेसोबत राहतो, स्पीकरसोबत जात नाही, हे दिसल्यावर जंपर आणि कपॅसिटर यांच्यावर बोलण्यासारखं फारसं उरत नाही.

आता जागेत दोन गोष्टी येतात: खोली आणि जमीन. दोन्ही बासवरच परिणाम करतात, म्हणून त्यांची गल्लत फार होते. खोलीचा हिशेब सोपा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की पहिला मोड, म्हणजे खोली स्वतःच घुमवते ती वारंवारिता, मिळतो. ५.२ मीटरला ३३ हर्ट्झ, ३.८ मीटरला ४५, छताच्या ३ मीटरला ५७. लांबीचा दुसरा मोड ६६ वर येतो. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेट केलेला मायक्रोफोन घेऊन ऐकण्याच्या खुर्चीवरून स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा स्वर) घेतला तेव्हा ३३ चा फुगवटा दोन्ही स्पीकरना सारखाच दिसला. खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असल्यामुळे तो तसा दिसणारच. तो डाव्याचा एकट्याचा दोष नव्हता, आणि कुठल्याही पायाने तो जाणार नव्हता.

डाव्याच्या आलेखात वेगळं दिसत होतं ते ७५ हर्ट्झच्या आसपास. तिथे आवाजाची पातळी फार वेगळी नव्हती, पण स्वर विझायला वेळ लागत होता. कानाला हे डग्ग्यावर सर्वात स्पष्ट कळलं. मनगटाने दाबून काढलेली घुमक खालून वर सरकताना उजव्या स्पीकरमधून एकसंध येत होती; डावीकडे मध्येच एका जागी ती फुगायची आणि तबलजीचा हात पुढे गेल्यावरही तिथेच रेंगाळायची. सिंथेसाइजरच्या बासवर हे इतकं कळत नाही, कारण तो स्वर एका जागी ठरलेला असतो. त्या जागेवर पडला तर दोष, नाहीतर काहीच नाही. पाय किंवा जागा तपासायची असेल तर सरकत जाणारा खालचा स्वर हवा.

मग ७५ हर्ट्झचा सलग स्वर लावून मी अनवाणी स्पीकरभोवती फिरलो. उजवीकडे तळव्यांना जवळपास काहीच नाही. डावीकडे एका ठरावीक पट्ट्यात, स्पीकरपासून हातभर अंतरापर्यंत, फळी स्पष्ट गुणगुणत होती. फळीवर गुडघा टेकवून शरीराचा भार टाकला की ती शांत व्हायची. याची नोंद घ्यायला फोन पुरतो. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने तयार केलेलं फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप फोनमधल्या अ‍ॅक्सेलरोमीटरचे आकडे आलेखात दाखवतं. फोन जमिनीवर सपाट ठेवायचा, स्वीप वाजवायचा, मग तेवढ्याच आवाजाला दुसऱ्या बाजूला तेच करायचं. फोनची नोंदणी सेकंदाला काहीशे वेळाच होते, त्यामुळे वरच्या वारंवारितांसाठी तो कामाचा नाही, पण १०० हर्ट्झखालच्या तुलनेला चालतो. डावीकडची जमीन ७० ते ८० च्या पट्ट्यात उजवीपेक्षा कितीतरी जास्त हलत होती.

इथे थांबून पाय मागवले असते तरी चाललं असतं, पण एक शंका उरते. जमीन स्पाइकमधून हलते आहे की हवेतून? वूफरचा दाब जमिनीवरही पडतोच, आणि हवेतून हलणाऱ्या फळीला स्पीकरचे पाय काही करू शकत नाहीत. याची परीक्षा स्वस्तात होते. स्कूटरच्या चाकाची ट्यूब अर्धवट फुगवून जमिनीवर ठेवली, तिच्यावर जाड प्लायचा तुकडा आणि त्यावर डावा स्पीकर, एका माणसाने हात लावून सांभाळलेला. दिसायला भयानक आणि सोडून जाण्यासारखं अजिबात नाही, पण पाच मिनिटांसाठी याहून मऊ आधार मिळणार नाही. त्याच स्वराला फळीची गुणगुण बरीच उतरली, पूर्ण गेली नाही. जे गेलं ते पायांच्या आवाक्यातलं, जे राहिलं ते हवेतून येणारं. कुठलेही पाय घेतले तरी याच्या पलीकडे सुधारणा होणार नाही, ही मर्यादा खरेदीच्या आधीच कळली.

स्पाइकबद्दल एक समजूत दोन्ही बाजूंनी ठोकून सांगितली जाते. काही म्हणतात, स्पाइक कंपन स्पीकरमधून जमिनीत 'सोडून' देतो. दुसरे म्हणतात, मऊ पायांवर कॅबिनेट हलतं आणि ट्वीटरचा, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या भागाचा, आवाज धूसर होतो. दोन्हींना आकडे लावून पाहण्यासारखं आहे. दोन वूफरचं हलणारं वजन मिळून ४० ग्रॅम धरलं आणि कॅबिनेट ४२ किलोचं, तर वूफरचा कोन (शंकूसारखा पडदा) ५ मिलिमीटर पुढे गेला की मोकळं कॅबिनेट मागे जाणार सुमारे हजारावा भाग, म्हणजे जेमतेम ५ मायक्रॉन. ४० हर्ट्झला त्याचा कमाल वेग येतो सेकंदाला १.२ मिलिमीटर. ध्वनीच्या वेगाशी तुलना केली तर ट्वीटरच्या स्वरात दहा लाखांत साडेतीनचा फरक. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाचाही हा शंभरावा हिस्सा भरत नाही. डोलण्यामुळे हे दहापट झालं असं मानलं तरी ते कुणाच्या कानाला कळणार नाही. मऊ पायांवर 'धूसर ट्वीटर' ऐकू आला तर कारण दुसरं शोधावं. बहुतेक वेळा स्पीकर कललेला असतो किंवा त्याची दिशा बदललेली असते.

जमिनीचं मात्र तसं नाही. त्याच कोनला ४० हर्ट्झला ५ मिलिमीटर पुढे-मागे ढकलायला सुमारे साडेबारा न्यूटन बल लागतं आणि तेवढंच उलट बल कॅबिनेटवर येतं. वूफर जमिनीपासून अर्धा मीटर वर, पुढच्या-मागच्या स्पाइकमधलं अंतर ३२ सेंटिमीटर. ढोबळ हिशेबाने हे आडवं बल पायांशी पोचेपर्यंत सुमारे वीस न्यूटनचं उभं दाबणं-उचलणं होतं, पुढे दाब तेव्हा मागे उचल. म्हणजे दोन किलोचा भार सेकंदाला चाळीस वेळा फळीवर आळीपाळीने टाकल्यासारखं. काँक्रीटच्या स्लॅबला याची दखलही नसते. दोन वाशांमधल्या मोकळ्या फळीला असते, आणि फळी मोठी असल्यामुळे ती स्वतःच एक वाईट स्पीकर होते. स्पाइकचं खरं काम गालिच्यातून आरपार जाऊन खालची टणक जमीन गाठणं आणि स्पीकर डगमगू न देणं हे आहे. टणक जमिनीवर ते उत्तम आहे. स्लॅबवर फरशी असती तर मी कंपनीचेच स्पाइक, फरशीला ओरखडा नको म्हणून खाली चकत्या, एवढंच सुचवून उठलो असतो.

तर मऊ पाय हवेत हे ठरलं. किती मऊ, हा पुढचा प्रश्न, आणि विकत घेणारे नेमके इथे ठेच खातात. पाय आणि स्पीकर मिळून एक झुलणारी जोडी होते आणि तिची स्वतःची वारंवारिता असते. ती साधारण काढायची तर भाराखाली पाय किती मिलिमीटर दबतो ते मोजून त्याच्या वर्गमुळाने १५.८ ला भागायचं. एक मिलिमीटर दबला तर सुमारे १६ हर्ट्झ, अडीच दबला तर १०, चार दबला तर ८. ही वारंवारिता गुणिले १.४ च्या वर गेल्यावरच कंपन अडायला लागतं. त्याच्या खाली पाय ते उलट वाढवतो. म्हणून अर्धा मिलिमीटरही न दबणारा टणक रबराचा तुकडा 'आयसोलेशन' म्हणून विकला तरी ४० हर्ट्झपाशी तो फारसं काही करणार नाही. रबरासारखे पदार्थ हलत्या भाराला स्थिर भारापेक्षा कडक वागतात, त्यामुळे हा हिशेब त्यांना थोडा झुकतं माप देतो, हेही धरून चालावं. आम्ही १२ हर्ट्झ हे लक्ष्य धरलं. ७५ हर्ट्झला कागदावर कंपनाचा जेमतेम अडतिसावा भाग खाली जातो. प्रत्यक्षात तेवढं मिळत नाही, कारण रबरात डॅम्पिंग (कंपन विझवण्याचा गुण) असतं आणि खालची जमीन स्वतःच लवचीक असते.

यावरून उघड आहे की पाय वजनाप्रमाणे निवडावा लागतो. बाजारात सर्रास दिसणारं उदाहरण म्हणजे आयसोअकूस्टिक्सची गाया मालिका: चार पायांच्या संचाला गाया-३ ची मर्यादा ३२ किलो, गाया-२ ची ५४, गाया-१ ची १००. आमचे स्नेही साहजिकच सर्वात मोठ्या पायाकडे वळले होते, मोठा म्हणजे चांगला या न्यायाने. पण ४२ किलोच्या स्पीकरखाली १०० किलोचा पाय पुरता दबतच नाही. कडक राहतो आणि ज्यासाठी घेतला ते काम अर्धवट करतो. ३२ चा पाय भाराखाली कोंबला जातो, तोही कडकच होतो. इथे मधला हे उत्तर होतं. गादीचं जसं हलक्या माणसाला कडक आणि जड माणसाला खोल, तसंच हे.

एकूण वजनही पुरत नाही. बहुतेक टॉवर स्पीकर पुढच्या बाजूला जड असतात, कारण चुंबक आणि बॅफल (पुढची फळी) तिकडे. साध्या वजनकाट्यावर पुढचे दोन पाय ठेवले, मागच्यांखाली काट्याच्या उंचीची ठोकळी, मग उलट. पुढे २५ किलो, मागे १७. चारही पाय सारखे असल्यामुळे पुढचे जास्त दबणार आणि स्पीकर पुढे झुकणार. मिलिमीटरभर फरक पडला तरी कल भरतो ०.२ अंशाहून कमी, तीन मीटरवरच्या कानाशी एक सेंटिमीटर. नव्या पायांच्या उंचीमुळे ट्वीटर २० मिलिमीटर उचलला गेला, तेही या अंतरावर नगण्यच. लेव्हल बॉटलचा बुडबुडा सरकलेला दिसतो आणि माणूस अस्वस्थ होतो, म्हणून पाय थोडा फिरवून सरळ केलं, एवढंच. पोर्ट खाली तोंड करून असलेल्या स्पीकरमध्ये मात्र ही २० मिलिमीटर उंची खेळ बदलू शकते: पोर्ट आणि जमीन यांमधली फट हा ट्यूनिंगचाच भाग असतो, आणि तिथे नवे पाय मूळ फटीला धरूनच बसवावे लागतात.

स्प्रिंगवाले पाय हा दुसरा पर्याय टेबलावर होता. स्प्रिंग रबरापेक्षा खाली, ४-५ हर्ट्झपर्यंत सहज जाते आणि कंपन अडवण्यात सरस ठरते. पण तिच्यात डॅम्पिंग फार कमी, आणि ११० सेंटिमीटर उंचीचा, २४ सेंटिमीटर रुंदीचा खांब त्यावर ठेवला की नुसता उभा हलत नाही, तो डोलतो. डोलण्याची वारंवारिता उभ्या हालचालीहूनही खाली जाते. या घरात रेकॉर्ड प्लेअर आहे. ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डला एक वाकडेपणा असला तर तो दर फेरीला, सेकंदाला अर्ध्या वेळेहून थोडा जास्त येतो. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि त्याच्या टोकाच्या कार्ट्रिजचा स्वतःचा रेझोनन्स चांगल्या जोडीत ८ ते १२ हर्ट्झमध्ये असतो. पोर्टवाल्या वूफरवर या वारंवारितांना हवेचा लगाम जवळजवळ नसतो, म्हणून वाकड्या रेकॉर्डवर कोन नुसत्या डोळ्यांना आत-बाहेर होताना दिसतो. अशा वेळी स्प्रिंगवर उभा स्पीकर त्याच्याबरोबर डुलू लागला तर आश्चर्य नाही. कमी डॅम्पिंगची स्प्रिंग मी नाकारली. फोनो अँपवरचा (रेकॉर्ड प्लेअरच्या अँप्लिफायरवरचा) सबसॉनिक, म्हणजे ऐकू न येणाऱ्या खालच्या वारंवारिता कापणारा फिल्टर आधी बंद होता, तो चालू केला. तो सगळ्याच परिस्थितीत असावा.

डोलण्याचा प्रश्न रबरालाही सुटत नाही, म्हणून आउटरिगर घेतले, म्हणजे बाहेर येणाऱ्या पट्ट्या. गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरवर धरला तर २४ सेंटिमीटरच्या बैठकीवर स्पीकर साडेतेरा अंशांत कलंडतो. बैठक ३४ केली की जवळपास एकोणीस. घरात लहान मूल किंवा मोठा कुत्रा असला तर मी आवाजाचा विचार न करताही पट्ट्या लावायला सांगेन.

बसवण्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एमडीएफमधला धातूचा आट्यांचा इन्सर्ट सरळ भाराला मजबूत असतो, आडव्या ओढीला नाही. पाय लावलेला स्पीकर ढकलत सरकवला की इन्सर्ट भोकातून सैल होतो, आणि तो दुरुस्त करणं डोकेदुखी आहे. आडवा करायचा तो गोधडीवर, दोन माणसांनी, आणि उभा करताना एका कोपऱ्यावर भार न देता. दुसरं, बोल्टची लांबी आधी मोजावी. लांब बोल्ट तळाशी टेकला की पान्ह्याने आवळला तरी पाय घट्ट बसल्याचा फक्त भास होतो. चेकनट (पाय जागेवर धरणारा नट) पान्ह्याने हलकेच आवळला, जोर न लावता. या विशिष्ट पायांवरचं चिन्ह पुढे किंवा मागे तोंड करून यावं लागतं, कारण ते पुढे-मागे आणि आडवे सारखे वागत नाहीत.

पाय बसल्यावर पुन्हा तीच नोंद घेतली, त्याच आवाजाला, मायक्रोफोन न हलवता. खुर्चीवरची पातळीची रेघ आधीच्या रेघेवर जवळजवळ तंतोतंत बसली. वरच्या वारंवारितांमध्ये काहीच फरक नाही. ७५ च्या आसपास मात्र विझण्याचा वेळ उजव्याच्या बराच जवळ आला, आणि फोनवर जमिनीची हालचाल ट्यूबवाल्या परीक्षेच्या जवळपास पोचली. डग्ग्याची घुमक आता अडत नव्हती. स्नेह्यांना याखेरीज 'मंच मोठा झाला, गायिका पुढे आली' असंही वाटलं. मी वाद घातला नाही. पाय बदलायला अर्धा तास जातो आणि एवढ्या अंतराने बारीक फरक लक्षात ठेवण्याची आपल्या कानांची कुवत नाही. मोजणीत त्याला आधार सापडला नाही.

उजव्यालाही तेच पाय लावले, गरज नव्हती तरी. दोघांची उंची सारखी हवी, एवढंच कारण.

यादीतलं उरलेलं लवकर आटोपलं. लादी: ५० बाय ४० बाय ३ सेंटिमीटरचा ग्रॅनाइट सोळा किलोच्या घरात जातो. ती स्पीकरला जोडून पायांवर घेतली तर भार ५८ किलो होऊन पायांची मर्यादा ओलांडतो, आणि पायांखाली जमिनीवर घातली तर आधीच दमलेल्या वाशांवर आणखी ओझं. नको म्हटलं. जंपर: पाच सेंटिमीटर लांब, सेंटिमीटरभर रुंद, मिलिमीटरभर जाड पितळी पट्टीचा रोध एका मिलिओहमच्या तिसऱ्या हिश्शाएवढा येतो, तीन मीटर वायरचा जाऊन-येऊन रोधच अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याला सुमारे ४१ मिलिओहम आहे. पट्टीखालची मळकट चकती पुसून नट आवळणं हेच तिथलं काम. वूफरचे स्क्रूही तपासले, एखाद-दुसरा पाव फेरी ढिला होता. हाताच्या पेचकसाने, जोर न लावता आवळला.

कपॅसिटरवर ते अडून बसले होते. इलेक्ट्रोलिटिक प्रकारच्या जागी फिल्म प्रकारचा कपॅसिटर घातला की क्षमता तीच राहिली तरी त्याचा अंतर्गत रोध कमी होतो, आणि डिझाइनरने तो रोध हिशेबात धरला असेल तर ट्वीटरची पातळी वर सरकते. तिला 'जास्त तपशील' म्हणणं सोपं असतं. शिवाय वॉरंटी जाते. जुन्या, वाळलेल्या कपॅसिटरचा स्पीकर असता तर गोष्ट वेगळी. हा तसा नाही. त्यांनी तो विचार पुढे ढकलला आहे, सोडलेला नाही.

महिन्याभराने चेकनट आणि लेव्हल पुन्हा पाहायला सांगितलं आहे, कारण रबर सुरुवातीच्या काळात आणखी थोडं बसतं. आणि खुर्ची मागच्या भिंतीपासून मीटरभर पुढे घेण्याबद्दल बोललो. पुढे घेतली तर जायला-यायला वाट अरुंद होते, असं घरच्यांचं म्हणणं. त्यामुळे ३३ हर्ट्झचा फुगवटा सध्या जिथल्या तिथे आहे.